सोळा चौकटी, दोन मापं

3 जानेवारी

भिंतीवर लावायच्या गोष्टींची यादी आज एकदाची पूर्ण झाली. माझे कृष्णधवल फोटो नऊ, ताईचे लिनोकट (लिनोलियमवर कोरून कागदावर छापलेली चित्रं) चार, एक सायनोटाइप (निळ्या रंगात उमटवलेला फोटो), आणि घरातले दोन जुने फोटो: एक आजीचा एकटीचा, दुसरा आजी-आजोबांचा जोडीचा. एकूण सोळा. वर्षानुवर्षं हे सगळं पाकिटांत आणि गुंडाळ्यांत पडून आहे, कारण चौकटींचा खर्च विचारला की दर वेळी हात आखडतो. या वेळीही सोळांचा अंदाज काढून घेतला. फोटो छापायला जे पैसे लागले, त्याच्या कितीतरी पट निघाला.

पण अंदाजाचा कागद घेऊन नीट बसले तेव्हा पैसा नेमका कुठे जातो ते दिसलं. सोळा चित्रांची अकरा वेगवेगळी मापं. म्हणजे काच अकरा मापांची, माउंट (चित्राभोवतीचा, मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) अकरा मापांचे, पट्टी अकरा वेळा मोजायची आणि कापायची. लाकडाचा वाटा त्यात मोठा नव्हताच. मोठा वाटा होता मजुरीचा आणि वाया जाणाऱ्या तुकड्यांचा.

5 जानेवारी

दिवसभर कागद-पेन्सिल घेऊन मापं जुळवली. एक गोष्ट सापडली आणि मला तिचा खरंच आनंद झाला.

8×12 इंची फोटो म्हणजे साधारण 20.3×30.5 सेंमी. तो 30×40 सेंमीच्या चौकटीत मध्यभागी ठेवला, तर चारही बाजूंना जवळजवळ पाच सेंमी माउंट उरतो. ए4 कागद 21×29.7 सेंमी, त्याच चौकटीत बाजूंना साडेचार आणि वर-खाली पाच. 8×10 इंची फोटो थोडा बुटका, 20.3×25.4, त्याला बाजूंना पाच आणि वर-खाली मिळून साडेचौदा उरतात, ते वर साडेसहा आणि खाली आठ असे वाटले की छान बसतं. खालचा समास मुद्दाम मोठा ठेवतात. अगदी समान ठेवला तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं.

म्हणजे चौकट चित्राच्या मापाची करायची नाही. चौकटीचं माप कायम ठेवायचं आणि फरक माउंटच्या खिडकीने भरून काढायचा. ताईचे लिनोकट मोठ्या कागदावर आहेत, त्यांना 40×50. बाकी बारांना 30×40. अकरा मापांची दोन झाली.

माउंटबोर्डचा मोठा ताव 32×40 इंचांचा येतो, म्हणजे 81.3×101.6 सेंमी. 30×40 चे तुकडे त्यात आडवे मांडले तर सहा बसतात, उभे मांडले तर चारच. 40×50 चे बरोबर चार, आणि कचरा एक-दीड सेंमीच्या पट्टीएवढा. हे आधी काढलं नसतं तर तावांमागे ताव वाया गेले असते.

9 जानेवारी

कुठे काटकसर करायची आणि कुठे नाही, हे आज ठरवलं. त्याला कारण आजीचा फोटो.

तो जुन्या चौकटीतून काढायला घेतला. मध्ये माउंट नव्हता, फोटो थेट काचेला टेकवलेला. डावीकडचा खालचा कोपरा, आजीच्या पदराचा भाग, काचेला चिकटून बसलाय. फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. दमटपणाने तो मऊ होतो आणि काचेला धरतो. काच थंड झाली की तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे सूक्ष्म थेंबही धरतात. एका बाजूने हलकेच उचलून पाहिलं आणि लगेच थांबले. ओढला असता तर आजीचा पदर काचेवरच राहिला असता.

काचेसकट फोटो तसाच ठेवलाय. उद्या काचेतूनच स्कॅन करेन आणि भिंतीवर प्रत लावेन. मूळ फोटो आडव्या डब्यात, अंधारात. सोडवायचाच झाला तर ते संवर्धन करणाऱ्या जाणकाराचं काम, माझं नाही. जोडीच्या फोटोचीही प्रतच लावणार. मूळ वस्तू उजेडापासून दूर आणि भिंतीवर तिची चांगली प्रत, याहून स्वस्त आणि सुरक्षित उपाय मला दिसत नाही.

म्हणून नियम असा: कागदाला जे जे टेकतं, म्हणजे माउंट, मागचा बोर्ड, चिकटवायचं साधन, त्यात पैसे वाचवायचे नाहीत. कागदापासून जे लांब आहे, म्हणजे पट्टी, काच, मागची फळी, हुक, तिथे हवी तेवढी काटकसर.

10 जानेवारी

त्याच जुन्या चौकटीतला पुठ्ठा तपासला. तपकिरी झालेला, कडेला ठिसूळ. जोडीच्या फोटोच्या माउंटची तिरपी कड पूर्ण पिवळी पडलीये आणि तिला लागून फोटोवर तपकिरी रेघ उमटलीये. लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे हे होतं. ती रेघ आता जात नाही.

सामू (पीएच, म्हणजे आम्ल किती ते) तपासायचं पेन मिळतं. बोर्डच्या तुकड्यावर रेघ ओढायची. जांभळी उमटली तर आम्ल नाही, पिवळी राहिली तर आहे. रेघ पुसली जात नाही म्हणून तुकड्यावरच ओढायची, आणि बोर्डच्या तोंडावर नाही तर कापलेल्या कडेवर, गाभ्यावर. वरचा कागद चांगला आणि गाभा वाईट असले बोर्ड भरपूर असतात. जुन्या चौकटीच्या पुठ्ठ्यावर रेघ पिवळीच राहिली.

फोटोंसाठी नुसत्या ‘आम्लरहित’ या शब्दावर थांबायचं नाही. बोर्डमुळे फोटो बिघडतो का ते बघणारी फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट म्हणून एक चाचणी आहे, आयएसओ 18916. ती पार केलेला बोर्ड घेतला. चार ताव 30×40 साठी आणि दोन ताव 40×50 साठी. प्रत्येक चौकटीला दोन तुकडे लागतात, एक खिडकीचा आणि एक पाठीचा.

सायनोटाइपचं मात्र वेगळं. चांगल्या बोर्डमध्ये बहुधा कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, आम्ल मारायला. सायनोटाइपचा निळा रंग मात्र अल्कलीने फिका पडतो. त्याला कॅल्शियम कार्बोनेट नसलेला सुती बोर्ड हवा. जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये ही पद्धत शोधली. तेव्हाचे ठसे आजही टिकून आहेत, पण योग्य कागदात ठेवले तरच. उजेडाने फिकटलेला सायनोटाइप काही दिवस अंधारात ठेवला की बराच पुन्हा गडद होतो, हे मी स्वतः एका चाचणीच्या तुकड्यावर पाहिलंय. मला ती फार लोभस गोष्ट वाटते.

14 जानेवारी

जुन्या सामानातून सहा चौकटी आणल्या. लाकूड चांगलं, दोन तर सागवानी. आतली चित्रं कुणाला नको होती, मला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं.

जुनी चौकट घेताना मी हे बघते: पट्टीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकडात कीड आहे, ती घरात आणायचीच नाही. कर्णाची दोन मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. कोपरा हाताने हलवून बघायचा. थोडा खिळखिळा असेल तर सोडवून पुन्हा डिंकाने बसवता येतो. पट्टी पिळलेली असेल तर मात्र काही करता येत नाही. पाठीचा पुठ्ठा, खिळे, जुना कागद सगळं फेकायचं. काच ठेवायची.

सहा चौकटी पॉलिश पेपरने घासल्या. चारांवरचं सोनेरी रंगकाम निघालं आणि खाली साधं फिकट लाकूड दिसलं. नुसतं मेण चोळलं. ताईला दाखवल्या, ती म्हणाली, “यांना आता हात लावू नकोस.”

15 जानेवारी

काल मापात चुकले. जुन्या चौकटींपैकी चार 30×40 सेंमीच्या आहेत असं समजून चाललेले, पण त्या निघाल्या 12×16 इंची, म्हणजे 30.5×40.6 सेंमी. कापून ठेवलेला माउंट उंचीला सहा मिलिमीटर कमी. चौकटीच्या आतली खाच पाच मिलिमीटरची. चौकट उभी केली की माउंट खाली सरकतो आणि वर उजेडाची बारीक फट दिसते.

उपाय सापडला: माउंटच्या खालच्या कडेला त्याच बोर्डच्या कापट्यांची सहा मिलिमीटरची पट्टी खाचेत ठेवून दिली, बाजूला पाचची. बाहेरून जवळजवळ काही दिसत नाही. पण यापुढे इंच आणि सेंमी एका कागदावर लिहायचे नाहीत. आणि चौकटीचं माप म्हणजे नेहमी आतल्या खाचेचं माप, समोरून दिसतं ते नाही.

19 जानेवारी

खिडक्या कापायला सुरुवात.

तिरपी कड कापणारं हत्यार भाड्याने किंवा उसनं मिळतं का पाहिलं. साधं, पट्टीला टेकवून ओढायचं 45 अंशांचं कटर उसनं मिळालं. पहिल्या तीन खिडक्या वाया गेल्या, त्यातली एक शेवटच्या कोपऱ्यात. मग हळूहळू लक्षात येत गेलं. बोर्ड पालथा घालून मागच्या बाजूने कापायचा, म्हणजे पेन्सिलच्या रेघा मागे राहतात. खाली त्याच जाडीचा टाकाऊ बोर्ड हवा, नाहीतर पातं खालच्या कडक पृष्ठभागावर भरकटतं. पातं दर दोन खिडक्यांनंतर बदलायचं. बोथट पात्याने कड फाटते आणि ती फाटलेली कड काचेमागे अगदी ठळक दिसते. रेघेच्या पुढे एक-दीड मिलिमीटर जास्त ओढलं की कोपरा सुटून येतो. न सुटलेला कोपरा ओढून काढायचा नाही, समोरून बारीक पात्याने सोडवायचा.

हत्यार नसेल तर सरळ कडेची खिडकी कापावी. मी एक कापून पाहिली. तिरप्या कडेची पांढरी रेघ नसते, एवढाच फरक. काही फोटोंना तीच जास्त शोभते.

खिडकी फोटोपेक्षा प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर लहान ठेवली, म्हणजे फोटोची कड आत दबते. लिनोकटचं उलटं. ताईने ठशाखाली पेन्सिलने सही आणि प्रतीचा क्रमांक घातलाय, आणि मी पहिल्या खिडकीत तो झाकून टाकणार होते. तिने फोनवरच थांबवलं: “सही झाकलीस तर तो नुसता कागद झाला ना गं!” तिचं बरोबर होतं. लिनोकटच्या खिडक्या ठशाच्या बाहेर दोन सेंमी, खाली तीन. कागदावर दाबाने उमटलेली खोलगट कडही आता दिसते.

वाया गेलेल्या तीन खिडक्यांमुळे जास्तीचे दोन तुकडे संपले, आणि एका चौकटीची पाठ दोन कापटे जोडून भागवली. जोड मागे, फोटोच्या कडेबाहेर.

21 जानेवारी

फोटो पाठीला कसा धरायचा यावर बराच वेळ गेला, पण तो योग्य ठिकाणी गेला असं वाटतं.

चिकटपट्टी नाही. दुतर्फी तर नाहीच. तिचा डिंक काही वर्षांत कागदात झिरपतो, पिवळा होतो आणि मग कशानेच निघत नाही. गरम इस्त्रीने बोर्डला कायमचं चिकटवणंही नको, कारण तिथून परत येता येत नाही.

फोटोंसाठी कागदी कोपरे केले. चांगल्या आम्लरहित कागदाची पट्टी घेऊन दोन्ही टोकं मध्याकडे दुमडायची, त्रिकोणी खिसा तयार होतो. तो खिसा बोर्डला चिकटवायचा, फोटोला काहीच चिकटत नाही. फोटो चार खिशांत सैल बसतो. खर्च जवळजवळ शून्य.

लिनोकटचा कागद पूर्ण दिसायला हवा असता तर कोपरे चालले नसते. आमच्या खिडकीत ते झाकले जातात, तरी ताईच्या कागदासाठी बिजागऱ्या केल्या. जपानी कोझो कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि फक्त वरच्या कडेला. खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणून ती निवडायची. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. चारही बाजू चिकटवल्या तर त्याला हलायला जागा उरत नाही आणि मधे लाटा येतात. वरून टांगलेला कागद मोकळा राहतो.

24 जानेवारी

एक फोटो बिघडता बिघडता राहिला. चकचकीत कागदावरची नवी इंकजेट प्रत छापून आल्या दिवशीच काचेमागे घातली. आज काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर. शाईतले द्रव हळूहळू बाहेर पडतात आणि थंड काचेवर बसतात. चौकट उघडली, काच पुसली, प्रत साध्या कोऱ्या कागदाखाली ठेवली. कागद उद्या बदलेन. आता सगळ्याच नव्या प्रतींना आधी किमान एक पूर्ण दिवस असं ठेवायचं.

28 जानेवारी

पट्टी.

जुन्या सहा चौकटी हाताशी आहेत: चार 12×16 च्या आणि दोन मोठ्या, 40×50 च्या. उरल्या दहा, आठ लहान आणि दोन मोठ्या. पट्टीचा हिशेब असा करते: आतल्या मापाचा परीघ, अधिक आठ वेळा पट्टीच्या रुंदीतून खाचेची रुंदी वजा करून येणारा आकडा. 30×40 साठी आत तीन मिलिमीटर ढिलाई ठेवली तर परीघ 141.2. दोन सेंमी रुंद पट्टी, खाच सहा मिलिमीटर: आठ गुणिले 1.4 म्हणजे 11.2. एकूण 152.4 सेंमी. तीन मीटरच्या पट्टीतून एकच चौकट, आणि दीड मीटरला थोडासा कमी पडणारा तुकडा हातात राहतो.

दीड सेंमी रुंद पट्टी घेतली तर 148.4, दोन चौकटी 296.8. कागदावर बसतात. प्रत्यक्षात करवतीच्या पात्याची जाडी सोळा कापांत साडेतीन सेंमीहून जास्त खाते. पहिल्या पट्टीत आठवा तुकडा चार मिलिमीटर कमी पडला. ढिलाई तीनऐवजी दोन मिलिमीटर केल्यावर दुसऱ्या पट्टीपासून बसलं. चार मिलिमीटर कमी पडलेली बाजू लहान चौकटीसाठी बाजूला ठेवली.

30 जानेवारी

कोपरे जुळणं हेच खरं सुतारकाम आहे. चौकटीला आठ काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट, म्हणजे दीड सेंमीच्या पट्टीवर सुमारे दीड मिलिमीटर. दुरून दिसते.

साधा मायटर बॉक्स (45 अंशांत कापायला करवतीसाठी खाचा असलेली पेटी) थोडा ढिला असतोच. म्हणून जरा मोठं कापायचं आणि मग घासून आणायचं: जाड पॉलिश पेपर चिकटवलेली फळी, तिच्यावर 45 अंशांचा ठोकळा, आणि पट्टी ठोकळ्याला टेकवून पुढेमागे. ठोकळा गोनियाने तीनदा तपासला. समोरासमोरच्या दोन बाजू अगदी सारख्या लांबीच्या हव्यात, हे कोनापेक्षाही महत्त्वाचं. त्यासाठी फळीवर एक अडसर ठोकला, दोन्ही तुकडे तिथवर टेकवून कापायचे. मोजपट्टीने दोनदा मोजण्यापेक्षा हे पक्कं.

लाकडाचा कापलेला शेंडा डिंक पिऊन टाकतो. म्हणून आधी पाणी घातलेला पातळ डिंक लावून दहा मिनिटं थांबले, मग नेहमीचा लावला. महागडे शिकंजे नाहीत. दोरी चौकटीभोवती गुंडाळली, चार कोपऱ्यांना ठोकळे, आणि दोरीत काडी घालून पिळलं. रात्रभर तसंच. सकाळी प्रत्येक कोपऱ्यात बारीक भोक पाडून एकेक चूक (बारीक खिळा) ठोकली. भोक न पाडता ठोकली की लाकूड चिरतं, एक चिरलं.

6 फेब्रुवारी

काच. दोन मिलिमीटरची साधी काच चौरस मीटरला पाच किलो भरते, म्हणजे 30×40 ला सहाशे ग्रॅम आणि 40×50 ला एक किलो. ॲक्रिलिक निम्म्याहून कमी. लहानांना काचच घातली, जुन्या चौकटींच्या काचा सगळ्या कामी आल्या. दोन मोठ्या नव्या चौकटींना ॲक्रिलिक घातलं, कारण त्या पलंगाच्या डोक्यावर लागणार आहेत आणि तिथे काच नको.

ॲक्रिलिकवर ओरखडे लवकर येतात. अमोनिया असलेल्या काच-पुसणीने ते धुरकट होतं, फक्त मऊ कापड आणि पाणी. घासल्याने त्यावर स्थिर वीज तयार होते, म्हणून कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्रावर ते घालायचं नाही. रंगाचे कण उडून वर चिकटतात. लिनोकटच्या शाईला तो धोका नाही.

परावर्तन न होणारी काच घ्यायचा मोह झाला. साध्या काचेच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे आठ टक्के उजेड परततो, चांगल्या काचेत एक टक्क्याहून कमी. फरक डोळ्यांना खरोखर सुखावतो. पण किंमत पाहून चौकटी खिडकीसमोर न लावता खिडकीच्या भिंतीवर आणि बाजूच्या भिंतीवर लावायचं ठरवलं. थेट ऊन लागणार नाही, हा आणखी एक फायदा.

9 फेब्रुवारी

खिडक्या कापून आतले तुकडे उरले होते, साधारण 20×30 चे. टाकवेनात. चांगला बोर्ड आहे. त्यात 4×6 इंची फोटोंच्या खिडक्या कापल्या आणि यादीत नसलेले तीन फोटो जुन्या पद्धतीने बांधले: काच, माउंट, पाठ असा गठ्ठा करून कडेने कापडी पट्टी गोंदाने गुंडाळायची, लाकूड नाहीच. पूर्वी हे फार चालायचं, ‘पास-पार्तू’ म्हणतात. पट्टी काचेवर समोरून पाच मिलिमीटर आणि मागे दीड सेंमी. काचेच्या कडा आधी पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने घासून घ्यायच्या, नाहीतर बोट कापतं. टांगायच्या कड्या पट्टी गुंडाळण्याआधी पाठीच्या बोर्डमधून ओवाव्या लागतात. पहिल्या चौकटीत हे विसरले आणि ती आता टेबलावर उभी राहणार.

15 फेब्रुवारी

पाठी बंद केल्या. फोटोच्या मागे आम्लरहित बोर्ड, त्याच्या मागे पन्हळी प्लॅस्टिकचा पत्रा. जुना हार्डबोर्ड आम्लधर्मी, म्हणून नाही घेतला. शेवटी मागे कागद चिकटवून धूळ आणि किडे बंद. खालच्या दोन कोपऱ्यांना जाड फेल्टच्या चकत्या, म्हणजे चौकट भिंतीपासून सुटी राहते आणि मागे हवा खेळते. भिंतीला ओल येत असेल तर ही चकती बाकी सगळ्यापेक्षा जास्त उपयोगाची.

तार वरून एक तृतीयांश अंतरावर. तार फार ताणून बांधायची नाही. आडवीला दहा अंशांवर असलेल्या तारेत प्रत्येक बाजूला चौकटीच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट ओढ येते, तीस अंशांवर वजनाएवढीच. ताणलेल्या तारेने पट्टीचे कोपरे उघडतात.

प्रत्येक पाठीवर पेन्सिलने लिहिलं: काय आहे, कधी छापलं, कुठला कागद, कुठला बोर्ड, खळ की कोपरे. आजीच्या प्रतीमागे लिहिलं की मूळ फोटो काचेला चिकटलेला आहे, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, ओढू नये.

16 फेब्रुवारी

पंधरा लागल्या. चौकटीचा मध्य जमिनीपासून 147 सेंमीवर, सगळ्यांचा सारखा. आधी वर्तमानपत्राची 30×40 ची पानं कापून भिंतीवर चिकटवली आणि दोन दिवस हलवत राहिले, मगच भोकं पाडली.

सोळावी, सायनोटाइपची, अजून टेबलावर आहे. सुती बोर्ड कमी जाडीचा निघाला आणि फोटो काचेच्या फार जवळ येतोय. खाचेत बसेल अशी तीन मिलिमीटरची पट्टी उद्या कापायची.